सुट्टे

चारशे बारा नंबरची खोली. उशीवर दोन नाणी.
एका बाजूला राणी,
दुसऱ्या बाजूला पाण्यात बसलेला कसलासा बदकासारखा पक्षी.
मी रोज टॉवेलचा हंस करते,
गादीच्या मधोमध, मान नीट वळवून.
हंसाच्या बदल्यात पक्षी.
हिशेब तसा चोखच म्हणायचा.

इथे येतात ते सुट्टी घेऊन येतात,
जाताना आमच्यासाठी सुट्टे टाकून जातात.
मधले सात दिवस मनगटावर निळा पट्टा:
रम भरलेली, कोळंबी भरलेली, समुद्रही आधीच भरलेला.
पट्टा असला की खिशाची आठवण राहत नाही.
राहते ती शेवटच्या सकाळी,
विमानतळाची बस हॉर्न वाजवते तेव्हा,
तळाशी खुळखुळणाऱ्या खुर्द्याची.

बँकेतली बाई काचेआडून म्हणते,
परदेशी नाणी घेत नाही. नोट असली तर आण.
कागद समुद्र ओलांडून परत जाऊ शकतो,
धातूला ते जमत नाही.
म्हणून माझ्या घरी, चुलीवरच्या फळीवर, कॉफीचा डबा आहे.
त्यात राण्या पुष्कळ,
एक वीणा, दोन गरुड,
आणि एक राजा, ज्याचं नाक झिजून गेलंय.
डबा हलवला की अर्धं जग एकमेकांवर आपटतं
आणि त्यात एक किलो तांदूळ येत नाही.

म्हणून मग चादरींच्या गाडीआड उभी राहून, हळू आवाजात,
कारण मॅनेजरच्या नियमात हे बसत नाही:
साहेब, ही वीस नाणी. वीसची एक नोट द्याल?
एवढं एक वाक्य मला तीन भाषांत येतं.
ऐकणाऱ्याचा चेहरा आधी बंद होतो.
त्याला वाटतं, मी मागतेय.
मागत नाही हो. मोड देऊन बंदा घेतेय.
पण हा फरक सांगायचं चौथं, पाचवं वाक्य
मला एकाही भाषेत येत नाही.

तेरिओ नावाचे म्हातारे होते, क्युबेकचे,
उन्हाने कोलंबीसारखे लाल झालेले.
पलंगाच्या काठावर बसून त्यांनी नाणी मोजली,
पाचपाचाचे ढीग लावून, ओठ हलवत.
एकोणीस.
परत मोजली. एकोणीसच.
मला वाटलं, जमीन फाटावी.
ते हसले, वीसची कोरी नोट दिली,
हात हवेत झटकला, जसं माशी उडवतात.

रात्रभर डब्याखाली, फळीमागे, विल्किनच्या चड्डीच्या खिशात
ते एक नाणं शोधत बसले.
खिशातच निघालं. त्याला तो पक्षी आवडायचा.
सकाळी चारशे बारामध्ये
हंसाच्या चोचीखाली नाणं ठेवलं. देणं फिटलं.

दुसऱ्या दिवशी खोली रिकामी.
चादर स्वतःच घडी केलेली, जशी पाहुणे कधी करत नाहीत.
उशीवर तेच नाणं, खाली चिठ्ठी:
युदेल्का, ग्रासियास.

बक्षीस म्हणून परत आलेलं माझंच देणं
मी डब्यात टाकलं. आवाज नेहमीचाच आला.

रविवारी विल्किनला घेऊन माकाओच्या किनाऱ्यावर गेले.
नारळवाला पोरगा, सतराचा असेल नसेल,
तीन घावांत शहाळं उघडलं.
शंभर पेसो म्हणाला. शंभर दिले.
मग वर पंचवीसचं एक नाणं निघालं हातात,
आणि हात तिथेच थांबला.
त्याच्या तळव्यावर ठेवू की फळकुटावर?
जास्त झालं तर मी कोण लागून गेले,
कमी झालं तर तो कोण?
फळकुटावर ठेवलं, कोयत्याशेजारी,
आणि तो समुद्राकडे बघत राहिला,
अगदी तसाच, जशी मी पडद्याकडे बघत राहते
पाहुणा पाकीट उघडतो तेव्हा.

आमच्यात एक रीत आहे:
देणाऱ्याची पाठ वळल्याशिवाय मोजायचं नाही.
मी पाठ वळवली.
वाळूतून दहा पावलं गेले.
आणि मग वळून पाहिलं मी,
मी, जिला पक्कं ठाऊक आहे
वळून पाहू नये.